जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

घरांतील एखादी वस्तु जुनी झाली, म्हणजे तिच्यासंबंधानें घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'टाकून द्या'. दुसरा म्हणतो, 'असूं द्या'. पहिल्याला नव्याची हौस असते, दुसऱ्याला जुन्याचा लोभ असतो. आणि ती वस्तु नेमकी कशानें बिघडली आहे, हें पाहण्याची तसदी दोघांपैकीं कोणीच घेत नाहीं. आमच्या घरांत गेल्या पावसाळ्यानंतर असाच प्रसंग आला. वस्तु होती आमचा संगणक. तो प्रसंग या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण त्यांत आमची फजिती झाली, आणि फजितींतून जें शिकावयास मिळतें तें एकट्यानें ठेवून घेऊं नये, असा आमचा परिपाठ आहे.

आधीं एक कबुली देतों. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. पुढें जें कांहीं शिकलों तें संस्कृत पाठशाळेंत. अमरकोशांत 'गणक' हा शब्द ज्योतिष्याच्या पर्यायांत सांपडतो. 'संगणक' कोठेंच सांपडत नाहीं. तेव्हां पुढील विवेचनांत यंत्रशास्त्र म्हणून जें कांहीं आहे, तें सर्व आमच्या नातीनें समजावून सांगितलेलें आहे. ती तंत्रनिकेतनांत दुसऱ्या वर्षाला आहे.

हा संगणक २०१३ सालीं घरांत आला. पुतण्यानें एकेक भाग निवडून तो येथेंच, कोल्हापुरांत, जुळवून घेतला होता. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पांचशें जीबींची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं येऊन पाहून जावें, असें तें यंत्र होतें. पुढें त्यावर विंडोज १० चढली. बारा वर्षांत दशा अशी झाली कीं, बटण दाबून आम्हीं संध्या आटोपून यावें, तरी पडद्यावर तें आपलें गोल फिरतच असावें. एकदां घड्याळ लावून पाहिलें तों नऊ मिनिटें! शिवाय वीज बंद करून पुन्हां चालू केली कीं तारीख मागें जाई. एके दिवशीं यंत्राच्या मतें १ जानेवारी २०१२ उजाडला होता. बँकेचें पान, विजेच्या बिलाचें पान, कोणतेंच उघडेना. 'हें स्थळ सुरक्षित नाहीं' असा इशारा येई. आम्हीं निष्कर्ष काढला कीं, यंत्राला वार्धक्यामुळें भ्रम झाला.

एका दुकानदारास घरीं बोलाविलें. त्यानें यंत्राचें झांकणही काढलें नाहीं. "मदरबोर्ड गेला, गुरुजी. आतां नवाच घ्या," असें म्हणून बेचाळीस हजारांचा आंकडा कागदावर लिहून दिला. पुतण्या पुण्यास नोकरीला असतो, तो दूरध्वनीवर म्हणाला, "काका, तो डबा भंगारांत द्या. दिवाळीला येईन तेव्हां नवा आणतों." आम्हीं होकार दिला. भंगारवाल्यास निरोपही गेला. अशा वेळीं नात जेवतांजेवतां सहज म्हणाली, "आजोबा, आजीच्या फाइली त्यांतच आहेत ना?"

आमच्या हातांतला घांस हातांतच राहिला.

ही आजी म्हणजे आमच्या वहिनी. पन्नाशी उलटल्यावर त्यांनीं एमएस-सीआयटीचा वर्ग केला, आणि दुपारचीं भांडीं आवरलीं कीं त्या टंकलेखनास बसत. आमच्या मातोश्री जात्यावर म्हणत त्या ओव्या, सणावारांचे कुळाचार, लोणच्याचीं मापें, बाळंतिणीचे काढे, घराण्याचा वृत्तांत, असें सर्व त्यांनीं आधीं वह्यांत लिहिलें होतें. तें त्या संगणकांत उतरवीत. २०१७ सालीं त्या गेल्या. वह्या खालच्या मजल्यावरील कपाटांत राहिल्या. आमचें घर शुक्रवार पेठेंत, पंचगंगेच्या वाटेवर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. आम्हीं देव वर नेले, धान्य वर नेलें, संगणकही माळ्यावर नेला. वह्यांची आठवण कोणासच झाली नाहीं. पाणी ओसरल्यावर कपाटांतून निघाला तो कागदाचा लगदा.

म्हणजे वहिनींचें जें कांहीं शिल्लक होतें, तें त्या नऊ मिनिटें फिरणाऱ्या यंत्रांत, आणि केवळ तेथेंच होतें. सहा वर्षांत आमच्यापैकीं एकानेंही त्याची दुसरी प्रत केली नव्हती. खरें सांगावयाचें तर, कोणीं तें उघडूनही पाहिलें नव्हतें. भंगारवाल्यास दुसरा निरोप धाडला.

चरकसंहितेंत निदानस्थान आधीं येतें आणि चिकित्सास्थान नंतर. वैद्यानें रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये, हा त्या क्रमाचा अर्थ. शिवाय हें कोल्हापूर आहे. येथें बाबूराव पेंटर यांनीं सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडविला, आणि १९२० सालीं त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. येथल्या उद्यमनगरांत इंजिनांचे नाना भाग घडतात. अशा गांवांत राहून आम्ही यंत्राचें झांकणही न उघडतां तें टाकावयास निघालों होतों!

नातीनें आधीं यंत्र चालू ठेवून त्याची नाडी पाहिली. विंडोजमध्यें 'टास्क मॅनेजर' म्हणून एक तक्ता असतो. त्यांत कोणत्या भागावर किती भार आहे तें कळतें. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला, रॅम कांठोकांठ भरलेली, आणि डिस्कपुढें शंभर टक्के हा आंकडा. हें आम्हांस समजेना, तेव्हां तिनें स्वयंपाकघराचा दाखला दिला. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी सुगरण, रॅम म्हणजे तिच्यापुढचा ओटा, आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला म्हणजे तिला एक डबा ठेवावा तेव्हां दुसरा आणावा, अशा कोठीकडे खेपा घालाव्या लागतात. रॅम अपुरी पडली कीं संगणक डिस्कवरच टांचणें ठेवूं लागतो. आणि कोठी जर दूर असेल, तर सुगरण कितीही चपळ असो, पंगत खोळंबते.

ही कोठी दूर कां, तेंही ऐकण्यासारखें आहे. हार्ड डिस्कमध्यें चकत्या मिनिटास ७,२०० फेरे फिरत असतात, म्हणजे सेकंदास १२० फेरे. हवी ती जागा वाचकाच्या टोकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार सहस्रांश सेकंदांहून किंचित् अधिक काळ लागतो. शिवाय तें टोक सरकण्यास आठनऊ सहस्रांश सेकंद. बेरीज बारातेरा. ऐकावयास हा काळ क्षुल्लक वाटतो. परंतु विखुरलेल्या जागांवरील माहिती वाचावयाची, तर या हिशेबानें सेकंदास पाऊणशें ते ऐंशीच खेपा होतात, आणि यंत्र सुरू होतांना अशा हजारों खेपा घालाव्या लागतात. याच्या उलट एसएसडी म्हणून जो नवा सांठा मिळतो, त्यांत फिरणारा भागच नाहीं. त्याची खेप एक दशांश सहस्रांश सेकंदाच्या आसपास होते. तात्पर्य, आमच्या यंत्राचा मेंदू शाबूत होता. त्याचे पाय अडखळत होते.

तारखेच्या भ्रमाचें कारण तर हंसूं येण्यासारखें निघालें. मदरबोर्डावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. वीज नसतांना घड्याळ तिच्यावर चालतें. ती बारा वर्षांत संपली होती. तारीख चुकली म्हणजे सुरक्षित स्थळांचीं प्रमाणपत्रें यंत्राला अवैध वाटतात, म्हणून बँकेचें पान उघडत नसे. ज्यास त्या गृहस्थानें मदरबोर्डाचा मृत्यु म्हटलें, तो या टिकलीएवढ्या बॅटरीचा होता.

परंतु तिसरी गोष्ट हंसण्यासारखी नव्हती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. ती नोंद वाचून नात गंभीर झाली. चकतीवरील कांहीं जागा वाचेनाशा झाल्या होत्या, आणि त्यांची संख्या वाढत होती. "आजोबा, आतां दुरुस्ती नंतर. आधीं प्रत," ती म्हणाली. आमच्या मनांत आलें, आज सकाळींच एसएसडी आणून बसवावी. तिनें आम्हांस हात लावूं दिला नाहीं. मरूं घातलेल्या डिस्कला वारंवार चालूबंद करणें, तिच्यावर नवें कांहीं लिहिणें, हें सर्व घातक.

तिनें दुसऱ्या एका संगणकास ती डिस्क जोडली आणि 'डीडीरेस्क्यू' नांवाचा विनामूल्य प्रोग्राम लावला. त्याची रीत आम्हांस फार आवडली. जें सुखरूप वाचतां येतें तें तो आधीं उचलतो. जेथें अडतें तें सोडून पुढें जातो. आणि सर्वांत शेवटीं त्या अडलेल्या जागांकडे पुन्हां पुन्हां वळतो. परीक्षेंत सोपे प्रश्न आधीं सोडवा, असें आम्ही वर्गांत जन्मभर सांगत आलों. यंत्राला तें कळतें, मुलांना कळत नाहीं. रात्रभर तें काम चाललें. वडील बंधु, म्हणजे आमचे दादा, वयानें ऐंशीच्या घरांत. सहसा कशाची चौकशी करीत नाहींत. त्या रात्रीं ते दोनदां उठून आले आणि दारांत उभे राहून परत गेले. पहांटे हिशेब लागला. वहिनींच्या अकरा फाइलींपैकीं दहा संपूर्ण हातीं आल्या. अकरावी, ओव्यांचा दुसरा भाग, नेमकी त्या नासलेल्या जागेवर होती. ती आली नाहीं.

पुढची दुरुस्ती दीड तासांत झाली. ती कोणत्याही घरीं करतां येण्यासारखी आहे, म्हणून क्रमानें सांगतों. प्रथम भिंतींतील पिन काढावी. अंगांतील स्थिरविद्युत् उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा. मग धूळ. आमच्या पंख्यांत बारा वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली होती. ती काढून प्रोसेसर व त्याचा उष्णताशोषक यांमधील वाळलेला लेप पुसून नवा लावला. बॅटरी बदलली. रॅमची चार जीबींची दुसरी पट्टी रिकाम्या खांचेंत बसविली. येथें सावध राहावें: आमची पट्टी डीडीआर-थ्री जातीची, डीडीआर-फोरची खोबण वेगळ्या जागीं असते, ती यांत बसत नाहीं, म्हणून दुकानीं जातांना जुनी पट्टी बरोबर न्यावी. जुन्या जातीची पट्टी बहुधा वापरलेलीच मिळते; ती तपासून घ्यावी. शेवटीं हार्ड डिस्कच्या जागीं अडीचशें जीबींची एसएसडी. आमच्या मदरबोर्डाचे जोड जुन्या वेगाचे असल्यामुळें तिचा पूर्ण वेग मिळत नाहीं, असें नात म्हणाली. परंतु खेपेचा विलंब टळला, आणि खरा रोग तोच होता. एकंदर खर्च तीन हजारांच्या आंत. नऊ मिनिटांच्या जागीं आतां पाऊण मिनिट लागतें. संध्येस बसावयाचें तर यंत्र चालू करण्याआधींच बसावें लागतें!

आतां जीर्णोद्धाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. नाहींतर आम्ही जुन्याच्या लोभाचे वकील ठरूं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती वापरासाठीं सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठेवली गेली. विंडोज ११ इंटेलच्या सामान्यतः आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांवर चालविण्यासाठीं मान्य केली आहे, आणि तिला टीपीएम २.० ही सुरक्षिततेची सोयही लागते. आमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. तो बदलूं म्हटलें तर मदरबोर्ड बदलावा लागतो. मदरबोर्ड बदलला कीं रॅम बदलावी लागते. मग जुनें म्हणून उरते ती पेटी! तो जीर्णोद्धार नव्हे, नवें बांधकाम. ज्यांना चलच्चित्रांचें संकलन किंवा अभियांत्रिकी आराखड्यांचीं जड कामें करावयाचीं आहेत, त्यांनीं आमच्या नादीं लागूं नये. सरळ नवा संगणक घ्यावा. परंतु ज्या घरीं लिहिणें, वाचणें, पत्रें, बिलें आणि मुलांचा अभ्यास एवढेंच काम आहे, तेथें लिनक्स हा विनामूल्य मार्ग मोकळा आहे. आम्हीं लिनक्स मिंट घेतली. सी-डॅक संस्थेनें तयार केलेली 'बॉस' ही देखील त्याच कुळांतील. लिब्रेऑफिस हें लेखनाचें साधन तर मराठी पाट्यांसह मिळतें. दोन दिवस चुकलों, तिसऱ्या दिवशीं हात बसला.

येथें गोष्ट संपावयाची. पण वहिनींच्या फाइली उघडल्या, तों पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा बुजबुजाट! आम्हांस वाटलें, सर्व नासलें. तसें नव्हतें. वहिनींनीं ज्या जुन्या टंकांत लिहिलें होतें, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेलीं असत. तो टंक ज्या यंत्रांत नाहीं, तेथें मूळचीं इंग्रजी अक्षरें उघडीं पडतात. आतां युनिकोडमध्यें प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. देवनागरीला ही जागा १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून मिळाली, आणि 'क' चा क्रमांक २३२५. ज्या मराठी घरांत जुने टंकलेखन पडून आहे, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें: संगणक बदलतांना फाइल वांचली तरी टंक मागें राहिला, तर ती मुकी होते. फाइलीबरोबर टंकाचीही प्रत घ्यावी, आणि सवडीनें सर्व युनिकोडमध्यें उतरवून ठेवावें.

असें उतरविणारे प्रोग्राम आहेत. परंतु ते चुका करतात. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं टंकावी लागे आणि रफार नंतर. तो क्रम उलटवितांना यंत्राची त्रेधा उडते. तेथें अखेर आमच्या विद्येचा उपयोग झाला. रोज रात्रीं जेवणानंतर नात पडद्यापुढें बसे आणि आम्ही एकेक रफार जागेवर आणवीत असूं. चौदा रात्री गेल्या. त्या चौदा रात्रींत वहिनी आम्हांस जितक्या कळल्या, तितक्या चाळीस वर्षें एका घरांत राहून कळल्या नव्हत्या. घराण्याच्या वृत्तांतांत एके ठिकाणीं त्यांनीं लिहिलें आहे कीं, धाकट्या भावजींना शिकवितांना राग फार येतो, पण शिकविलेलें कोणी विसरत नाहीं. आम्हीं तेथली वेलांटी दुरुस्त केली आणि त्या रात्रीं तेथेंच थांबलों.

ओव्यांचा पहिला भाग संपला. पुढें रिकामें पान. नात म्हणाली, "दुसरा भाग गेला." तेव्हां दादा कोपऱ्यांत पाटावर बसले होते. त्यांनीं डोळे मिटले आणि हलक्या आवाजांत, जात्याच्या लयीवर, एक ओवी म्हटली. मग दुसरी. लहानपणीं पहांटे आईजवळ निजून त्यांनीं त्या ऐकल्या होत्या. मधेंच अडलें तें सूनबाईंनीं पुरविलें. वहिनींनीं त्यांना काम करतांकरतां शिकविलें होतें. त्या रात्रीं अकरा ओव्या मिळाल्या. मूळ भागांत किती होत्या, तें आतां कळावयाचें नाहीं. नातीनें त्या टंकून ठेवल्या. त्यांच्या तीन प्रती केल्या: एक या संगणकांत, एक वेगळ्या डिस्कवर वरच्या मजल्यावर, आणि एक पुण्यास पुतण्याकडे. पाणी तिन्ही ठिकाणीं एकदम येत नाहीं.

श्रुति आणि स्मृति असे दोन शब्द आपल्याकडे आहेत. आम्ही ते वर्गांत पुष्कळ वेळां समजावून दिले. पण ऐकलेलें माणसापाशीं राहतें आणि लिहिलेलें वस्तूपाशीं, व दोहोंची निगा वेगवेगळी राखावी लागते, हें त्या रात्रीं कळलें.

असो. जुनी डिस्क आम्हीं अजून टाकलेली नाहीं. टाकावयाची झाली तर भंगारांत देणार नाहीं. नुसत्या 'डिलीट' करण्यानें माहिती पुसली जात नाहीं, ती कोणाच्याही हातीं लागूं शकते. शिवाय अशा वस्तूंसाठीं २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच त्या जाव्यात. ज्या वाचकांच्या घरीं असें एखादें हळू चालणारें यंत्र कोपऱ्यांत आहे, त्यांना आमची एवढीच विनंती: टाकण्यापूर्वीं झांकण उघडा, झांकण उघडण्यापूर्वीं प्रत करा, आणि प्रत करण्याचें काम हा अंक खालीं ठेवल्यावर आजच करा. सहा वर्षें थांबूं नका. आम्ही थांबलों होतों.